खालचा ड्रॉवर

शनिवारी चार ते सात, दांडेकर पुलाजवळ,
झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
चपला काढू नका असं लिहिलंय जिन्यात, तरी काढतात लोक.
देवळात आल्यासारखे येतात,
आणि मी विचारते, आधार कार्ड आणलंय?

पहिल्या वर्षी जीभ अडखळायची.
द्यायला आलेल्या माणसाला पारखायचं,
म्हणजे शेजारणीनं परसातली पपई पाठवावी
आणि आपण तिच्यासमोरच ती दाबून बघावी.

आता अडखळत नाही.
'का यावंसं वाटलं?' या रकान्यात
दहांतले सात जण 'समाजाचं ऋण' लिहितात.
तेजल ओसवालनं लिहिलं : सर्टिफिकेट हवंय, चाळीस तासांचं, जूनच्या आत.
तिला मी लगेच घेतलं.
चाळीस तास संपून दोन वर्षं झाली,
अजून मंगळवारी बिबवेवाडीत मुलींना अपूर्णांक शिकवते
आणि जाताना म्हणते, सर्टिफिकेटचं बघा ना जरा.

जोड्या लावणं ही वेगळी विद्या.
निमकरसाहेब बँकेत ऑडिटला होते,
त्यांना मुलांवर संस्कार करायचे होते.
मी त्यांना ससूनला पाठवलं, केसपेपरच्या रांगेत
लोकांचे अर्ज भरून द्यायला.
आठवडाभर रागावले होते.
आता कुठल्या खिडकीवरचा कधी जेवायला उठतो, तोंडपाठ आहे त्यांना,
आणि संस्कारही करतात,
खिडकीच्या आतल्यांवर.

इरफान बागवान, वय वीस, बोलतो फक्त बुलेटबद्दल.
अरण्येश्वरच्या खळदकरकाकांची नजर गेलेली,
अठ्ठावीस वर्षं आकुर्डीला, स्कूटरच्या कारखान्यात.
पेपर वाचून दाखवायला म्हणून पाठवला त्याला.
पेपरची घडीही मोडत नाहीत.
मोबाइलवर इंजिनांचे आवाज लावतात दोघं,
काका मान तिरकी करून सांगतात :
टॅपेट सैल आहे हिचं.

हे सांगायला बरं वाटतं, म्हणून आधी सांगितलं.

आता त्या माणसाचं. नाव लिहीत नाही.
एकेचाळीस वर्षांचा, अक्षर सुंदर,
मुलांना चित्रकला शिकवायची होती.
पोलीस पडताळणी स्वच्छ.
संदर्भासाठी जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापिका.
मी फोन केला. मुलांशी कसे वागायचे, विचारलं.
बाई म्हणाल्या, "चांगले होते."
पण त्याआधी थांबल्या.

घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ.
कुकरची शिट्टी झाली असेल.
दारात कुणी आलं असेल.
चेहरा आठवत नसेल चटकन.
फोन ठेवून मी भिंतीवरच्या घड्याळात
तेवढं थांबून पाहिलं, तीनदा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. उचलला नाही.

फॉर्म खालच्या ड्रॉवरमध्ये गेला.
त्याला सांगितलं, सध्या जागा नाहीत.
जागा सहा होत्या.
तो म्हणाला, हरकत नाही,
आणि पिशवीतले रंगीत खडूंचे बारा डबे टेबलावर ठेवून गेला.
असू देत, मुलांना होतील.
झाले. दिवाळीपर्यंत पुरले.

पद्मावतीच्या स्टॉपवर दिसतो कधीमधी.
मान हलवतो. मीही हलवते.
कुणाला तरी वाचवलं असेल मी,
किंवा एका भल्या माणसाला हाकललं असेल.
या कामात कशाचीच पावती मिळत नाही.

परवा ठराव झाला : जुन्यांनीही फॉर्म भरायचा.
अकरा वर्षांनी माझ्यासमोर माझाच कागद.
संदर्भाच्या ओळीत बहिणीचं नाव लिहिलं.
नातेवाईक चालणार नाहीत, खाली बारीक अक्षरात,
मीच छापून घेतलेलं.
खोडलं.
मग ओळखीच्या एकेकीला मनातल्या मनात फोन लावत बसले.
सगळ्यांनी उचलला.
बोलण्याआधी प्रत्येकीनं
श्वास घेतला.